आधी जावा टाका, मग सॉफ्टवेअर: रनटाइम सोबत देणाऱ्या पॅकेजची सोपी माहिती

जुलै महिना आला की घाटकोपर, मुलुंड किंवा अंधेरीतल्या कर सल्लागाराच्या ऑफिसात काही वर्षांपूर्वी एक वाक्य हमखास ऐकू यायचं, “थांबा भाई, आधी जावा टाकावं लागेल.” आयकर विवरणपत्र भरायची एक युटिलिटी तेव्हा जावा भाषेत होती. नुसती डाउनलोड करून ती उघडत नसे. तिला चालवणारा जावाचा रनटाइम संगणकात आधीपासून असावा लागे, आणि त्याची आवृत्तीही जुळावी लागे. ७ जून २०२१ रोजी आयकर विभागाचं नवं ई-फायलिंग पोर्टल सुरू झालं. जावा युटिलिटीची जागा नव्या ऑफलाइन युटिलिटीने घेतली आणि तिच्यासाठी वेगळं जावा बसवायची गरज राहिली नाही. टीडीएसची विवरणपत्रं तयार करणारी आरपीयू मात्र जावावरच बेतलेली आहे.

काम एकाच प्रकारचं, पण सॉफ्टवेअर लोकांच्या हातात देण्याच्या पद्धती दोन. पहिलीत सॉफ्टवेअर म्हणतं, माझा रनटाइम तुम्ही आणा. दुसरीत ते स्वतःचा रनटाइम पोटात घेऊनच येतं. आज आपल्या दुकानातलं बिलिंग, मुलांचे कॉलेजचे प्रोजेक्ट, घरच्या लॅपटॉपवरचे बरेचसे प्रोग्रॅम दुसऱ्या पद्धतीने चालतात. यात सोय मोठी आहे. पण या सोयीबरोबर एक जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि ती कुणाकडे गेली हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

रनटाइम म्हणजे काय?

पायथन, जावा, जावास्क्रिप्ट अशा भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो. प्रोग्रॅमची वाक्यं वाचून ती संगणकाकडून करून घेणारा हा दुभाषा, त्याच्यासोबतच्या लायब्ऱ्या आणि आधाराच्या फाइली, या सगळ्याला मिळून रनटाइम म्हणतात. जावाचा जेआरई, पायथनचा इंटरप्रिटर, जावास्क्रिप्टसाठी नोड ही त्याची नेहमीची उदाहरणं.

हा रनटाइम संगणकात एकदाच बसवला आणि सगळ्या प्रोग्रॅमनी तो वापरला, तर तो सामायिक रनटाइम. प्रत्येक प्रोग्रॅमने आपापला आणला, तर तो सोबतचा, म्हणजे बंडल केलेला रनटाइम. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायचं की घरून डबा न्यायचा, असाच हा फरक आहे. कँटीनचा मेनू बदलला तर सगळ्यांचंच जेवण बदलतं. डब्यात काय आहे ते आपल्या हातात असतं, पण तो रोज बांधावाही आपल्यालाच लागतो.

सामायिक पद्धतीचा त्रास जुन्या लोकांना चांगलाच आठवत असेल. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चं साधन. त्यात बनलेले हिशेबाचे, बिलाचे प्रोग्रॅम अनेक दुकानांत चालायचे. एखाद्या संगणकात त्याची रनटाइम फाइल नसली की प्रोग्रॅम उघडतानाच “अमुक डीएलएल सापडत नाही” अशी खिडकी यायची. कधी नवं सॉफ्टवेअर बसवताना सामायिक फाइलची आवृत्ती बदलायची आणि कालपर्यंत नीट चालणारं जुनं बंद पडायचं. दोष कुणाचा, हे गिऱ्हाईकाला कळायचं नाही. त्याला एवढंच दिसायचं की दुकानाचं बिल निघत नाही.

‘पोर्टेबल’ म्हणजे नुसतं कॉपी केलेलं नव्हे

इथे बहुतेक विद्यार्थी फसतात. सी ड्राइव्हमधला पायथनचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, म्हणजे पायथन पोर्टेबल झालं असं त्यांना वाटतं. नेहमीच्या पद्धतीने बसवलेल्या रनटाइममध्ये अनेक ठिकाणी पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, की मी अमुक ड्राइव्हवर, अमुक फोल्डरमध्ये आहे. जागा बदलली की हे पत्ते चुकतात. पायथनमध्ये प्रोजेक्टसाठी करतात त्या ‘व्हेन्व्ह’ या वेगळ्या वातावरणाचंही तसंच. त्यात पूर्ण पायथन नसतो, मूळ पायथनचा पत्ता असतो. म्हणून घरच्या लॅपटॉपवरून कॉपी केलेलं व्हेन्व्ह कॉलेजच्या लॅबमध्ये चालत नाही.

खऱ्या पोर्टेबल रनटाइमला तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. फोल्डर कुठेही हलवला तरी तो चालला पाहिजे. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागता कामा नये. आणि संगणकात आधीच दुसरा पायथन किंवा दुसरं जावा असेल, तर दोघांची गल्लत होता कामा नये. तिसरी अट सगळ्यात जास्त विसरली जाते. ‘पायथनहोम’ किंवा ‘जावाहोम’ नावाची जुनी सेटिंग संगणकात राहिलेली असते. नवा प्रोग्रॅम स्वतःच्या फाइली सोडून त्या जुन्या जागी जातो आणि मग न समजणाऱ्या चुका दाखवतो.

कोणत्या भाषेत काय सोय आहे?

पायथन: विंडोजसाठी ‘एम्बेडेबल पॅकेज’ नावाची झिप फाइल पायथन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून मिळते. आकार दहा एमबीच्या आसपास. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवण्यासाठीच ती बनवलेली आहे. तिच्यातली एक छोटी फाइल सांगते की फक्त याच फोल्डरातल्या लायब्ऱ्या बघ, बाहेरच्या सेटिंगकडे लक्ष देऊ नकोस. पण तिच्यात पिप नसतं आणि खिडक्या-बटणं दाखवणारं टीकेइंटरही नसतं. त्यावर प्रोजेक्ट उभं केलेल्या मुलांना हे शेवटच्या दिवशी कळतं. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर हलवता येईल असा पायथन हवा असेल, तर ‘पायथन-बिल्ड-स्टँडअलोन’ हा प्रकल्प आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची धुरा ॲस्ट्रल या कंपनीकडे आली. तिचं ‘यूव्ही’ हे साधन हेच पायथन उतरवून घेतं.

सगळ्यात जास्त वापरलं जातं ते पायइन्स्टॉलर. ते आपला प्रोग्रॅम, रनटाइम आणि लायब्ऱ्या एकत्र बांधून देतं. ‘एकच फाइल’ हा पर्याय मोहात पाडतो, पण तशी फाइल दर वेळी सुरू होताना आपलं सामान तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. त्यामुळे उघडायला वेळ लागतो, आणि काही अँटिव्हायरस तिच्यावर उगाच संशय घेतात. ‘एक फोल्डर’ हा पर्याय दिसायला साधा असला तरी बहुतेक वेळा बरा. शिवाय विंडोजसाठीचं पॅकेज विंडोजवरच आणि मॅकचं मॅकवरच बनवावं लागतं.

जावा: जावा ९ सोबत २०१७ मध्ये ‘जेलिंक’ हे साधन आलं. प्रोग्रॅमला लागतील तेवढेच भाग घेऊन ते छोटा रनटाइम बनवतं. अगदी मूळ भागापुरता घेतला तर तो चाळीस-पन्नास एमबीत बसतो. त्यानंतर ‘जेपॅकेज’ आलं. २०२१ मध्ये जावा १६ सोबत ते पक्कं झालं आणि रनटाइमसकट इन्स्टॉलर बनवू लागलं. जावा ११ पासून ओरॅकलने वेगळा जेआरई देणंच थांबवलं. गिऱ्हाईकाला जावा टाकायला सांगण्यापेक्षा सोबत द्या, असा त्याचा अर्थ.

जावास्क्रिप्ट: इलेक्ट्रॉन हे साधन नोड आणि क्रोमियम ब्राउझर दोन्ही पोटात घालतं. व्हीएस कोड त्यावरच बनलेलं आहे. पडद्यावर फक्त ‘सलाम’ दाखवायचं असलं तरी असा प्रोग्रॅम शंभर एमबीच्या पुढे जातो. जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवर असे तीन-चार प्रोग्रॅम एकत्र उघडले की पंखा गरगरू लागतो. त्याच्या उलट वाट मायक्रोसॉफ्टच्या वेबव्ह्यू २ ची. तो ब्राउझर रनटाइम विंडोज ११ मध्ये आधीच असतो आणि अनेक प्रोग्रॅम तो एकत्र वापरतात.

पीएचपी: बीएस्सी आयटी किंवा डिप्लोमाच्या मुलांना झॅम्प माहीत असतं. अपाची, मारियाडीबी, पीएचपी आणि पर्ल यांचं हे गाठोडं २००२ पासून मिळतं. शिकायला उत्तम. पण त्यात डेटाबेसच्या मुख्य खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. म्हणून दुकानाच्या किंवा शाळेच्या खऱ्या कामाला ते जसंच्या तसं लावू नये.

पवईचं उदाहरण

घाटकोपर आणि मुलुंडहून फार लांब नसलेल्या पवईत, आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प चालतो. शिक्षणात महागड्या सॉफ्टवेअरऐवजी मुक्त सॉफ्टवेअर वापरलं जावं, हा त्याचा उद्देश. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं त्याला पाठबळ आहे. या प्रकल्पातून दोन उपयोगी सॉफ्टवेअर पुढे आली. ऑस्डॅग हे पोलादी बांधकामाच्या रचनेचं सॉफ्टवेअर, भारतीय मानक आयएस ८००:२००७ प्रमाणे गणितं करणारं. आणि ईसिम हे इलेक्ट्रॉनिक सर्किट आखणारं. दोन्ही पायथनवर उभी आहेत आणि दोन्ही मोफत आहेत.

आता साबू सिद्दीक किंवा रिझवीसारख्या कॉलेजात स्थापत्य शिकणाऱ्या मुलाचा विचार करा. त्याला तुळईचा जोड तपासायचा आहे, पायथन शिकायचं नाही. ऑस्डॅगला मात्र पायथन तर लागतंच, खिडक्यांसाठी पायक्यूटी, त्रिमिती चित्रासाठी पायथनओसीसी आणि अहवालाच्या पीडीएफसाठी लेटेकही लागतं. यातली प्रत्येक गोष्ट योग्य आवृत्तीची शोधून बसवायला सांगितली असती, तर अर्ध्या मुलांनी पहिल्याच संध्याकाळी नाद सोडला असता. म्हणून ऑस्डॅगने मिनीकोंडाचा आधार घेतला. मिनीकोंडा म्हणजे पायथन आणि त्याची पॅकेजं वेगळ्या कप्प्यात ठेवणारी छोटी व्यवस्था. उबंटूच्या पॅकेजमध्ये मिनीकोंडा बसवणारी एक फाइल आणि त्यावर ऑस्डॅग बसवणारी दुसरी, अशी जोडीच देण्यात आली होती. त्रिमितीची अवजड लायब्ररी पिपने बसवणं त्रासाचं असतं, कोंडामध्ये ती तयार मिळते.

ईसिमचं दुखणं वेगळं. ते कायकॅड, एनजीस्पाइस, जीएचडीएल अशा दुसऱ्यांनी बनवलेल्या साधनांना एकत्र जोडतं. म्हणजे नुसता रनटाइम सोबत देऊन भागत नाही. ही साधनंही एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्तीची असावी लागतात.

असंच जगभर चालतं. ब्लेंडर स्वतःचा पायथन घेऊन येतं. विंडोजवरचं लिबरऑफिस आणि क्यूजीआयएसही तसंच करतात. त्यामुळे लिबरऑफिस टाकलं की तुमच्या संगणकात एक पायथन आला. तो तुम्ही मागितला नव्हता आणि तो तुम्हाला सहसा दिसतही नाही.

कात्री चालते ती मराठी-उर्दूवर

पॅकेजचा आकार कमी करायला बसलेला डेव्हलपर सगळ्यात आधी काय काढतो? ‘नको असलेल्या’ भाषा. आपल्यासारख्या मराठी बोलणाऱ्या आणि घरात उर्दूही वाचणाऱ्या कुटुंबांना याचा फटका थेट बसतो.

जावाचा छोटा रनटाइम बनवताना ‘जेडीके लोकेलडेटा’ हा भाग घेतला नाही, तर त्यात फक्त अमेरिकी इंग्रजीची माहिती उरते. मराठी महिन्यांची नावं, देवनागरी आकडे, उर्दू तारखा सगळं नाहीसं होतं. प्रोग्रॅम बंद पडत नाही, कुठली चूकही दाखवत नाही, गुपचूप इंग्रजीत बोलू लागतो. खरं तर जेलिंकला “फक्त मराठी आणि उर्दू घे” असं सांगता येतं आणि आकार फारसा वाढत नाही. नोडमध्येही आवृत्ती १३ येईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, ठरलेल्या पॅकेजमध्ये भाषांची पूर्ण माहिती नसायची.

दुसरं उदाहरण शाळेच्या ओळखपत्राचं किंवा निकाहच्या दावतनाम्याचं घ्या. चित्रावर अक्षरं छापायला पायथनमध्ये पिलो ही लायब्ररी वापरतात. मराठीतली वेलांटी आणि जोडाक्षरं, उर्दूतली एकमेकांना जोडलेली अक्षरं नीट मांडण्याचं काम तिच्यातला ‘राक्म’ हा भाग करतो. त्याला ‘फ्रिबिडी’ नावाची आणखी एक फाइल लागते, आणि ती पिलोसोबत आपोआप येत नाही. डेव्हलपरच्या लिनक्स लॅपटॉपवर ती आधीच असते, म्हणून सगळं छान दिसतं. तोच प्रोग्रॅम बांधून दुकानातल्या विंडोजवर नेला की वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, आणि उर्दू नाव सुटं सुटं होऊन डावीकडून उजवीकडे छापलं जातं. शंभर पत्रिका छापून झाल्यावर हे लक्षात आलं, तर पैसे कुणाचे गेले?

तिसरं उदाहरण नावांच्या यादीचं. जुन्या जावामध्ये फाइल साठवताना विंडोजची ठरलेली अक्षरपद्धत वापरली जायची. ती पाश्चात्त्य भाषांची असेल, तर देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरायची, आणि एकदा साठवली की मूळ नाव परत मिळत नसे. २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ ही पद्धत गृहीत धरली जाते. विंडोजवर फाइलींच्या नावांसाठी पायथनने हाच बदल ३.६ आवृत्तीत केला. म्हणजे सोबत दिलेला रनटाइम कोणत्या आवृत्तीचा आहे, यावर फातिमाचं नाव फातिमा राहतं की नुसती प्रश्नचिन्हं होतात, हे ठरतं.

जबाबदारी कुणाची?

सप्टेंबर २०२३ मध्ये चित्रं उघडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली. क्रोमने लगेच दुरुस्ती दिली आणि लोकांचे ब्राउझर आपोआप सुधारले. पण हीच लायब्ररी इलेक्ट्रॉनवर बनलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटातही होती. इलेक्ट्रॉननेही दुरुस्ती दिली, तरी तेवढ्याने भागणार नव्हतं. प्रत्येक कंपनीने आपला प्रोग्रॅम नव्याने बांधून पाठवायचा होता, आणि मग तुम्ही तो अपडेट करायचा होता. ज्याने पाठवला नाही, त्याच्या प्रोग्रॅममध्ये भोक तसंच राहिलं.

सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. रनटाइम सामायिक असतो तेव्हा तो एकदा अपडेट केला की सगळे प्रोग्रॅम सुधारतात. सोबत असतो तेव्हा ते काम पॅकेज बनवणाऱ्याचं होतं. विंडोज अपडेट किंवा तुम्ही वेगळं बसवलेलं नवं जावा, यातलं काहीही त्या आतल्या रनटाइमपर्यंत पोहोचत नाही. आणि रनटाइमला वय असतं. पायथन ३.८ ची सुरक्षा दुरुस्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. इलेक्ट्रॉनच्या फक्त शेवटच्या तीन मुख्य आवृत्त्यांना आधार मिळतो, आणि नवी आवृत्ती साधारण आठ आठवड्यांनी येते. एकदा बांधून पाच वर्षं विसरलेलं पॅकेज वरून नवं दिसतं, आतून मात्र शिळं झालेलं असतं.

उलट बाजूही आहे. विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८ आणि इलेक्ट्रॉनची शेवटची २२. डेव्हलपरने रनटाइम नवा केला की जुन्या संगणकावरचं दुकान बंद पडतं, आणि जुना ठेवला तर धोका. यातून मार्ग काढायचा तर गिऱ्हाईकाला आधीच स्पष्ट सांगावं, की अमुक तारखेनंतर जुन्या विंडोजवर हे चालणार नाही.

परवान्याचंही भान हवं. जानेवारी २०१९ नंतर ओरॅकलच्या जावा ८ चे नवे अपडेट व्यावसायिक वापरासाठी मोफत राहिले नाहीत. २०२३ मध्ये तर ओरॅकलने कर्मचाऱ्यांच्या संख्येवर पैसे आकारायची पद्धत आणली. म्हणून सोबत जावा द्यायचं असेल तर टेमुरिनसारखं ओपनजेडीकेवर आधारलेलं मोफत पॅकेज घ्यावं. पायथन सोबत द्यायला पैसे लागत नाहीत, पण त्याचा परवाना पॅकेजमध्ये ठेवावा लागतो. पायक्यूटीचं वेगळं आहे. ते जीपीएल किंवा विकतच्या परवान्यावर मिळतं, त्यामुळे बंद स्वरूपाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याने आधी परवाना वाचावा.

घरात आणि दुकानात काय बघावं?

सॉफ्टवेअर विकत घेताना तीन प्रश्न विचारा. याच्या आत कोणता रनटाइम आहे आणि कोणत्या आवृत्तीचा? त्याचे अपडेट कोण देणार आणि किती वर्षं? मराठी आणि उर्दू नावं टाकून, छापून दाखवाल का? विक्रेत्याला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर घाई करू नका.

वेगळं बसवलेलं जुनं जावा संगणकात पडून असेल, तर ते कुठल्या कामाला लागतं का ते आधी पाहा. टीडीएसचं काम करणाऱ्यांना लागेल. लागत नसेल तर काढून टाका. आणि प्रोग्रॅमने अपडेट मागितला की “नंतर” म्हणून महिनोन्‌महिने ढकलू नका. आतला रनटाइम सुधारायची दुसरी वाट नसते.

पॅकेज बनवणाऱ्या मुलामुलींसाठी

आपल्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे झालं असं समजू नका. ज्या संगणकात पायथन, जावा, नोड यातलं काहीच नाही, तिथे पॅकेज चालवून बघा. मावशीचा किंवा मामूंचा जुना विंडोज लॅपटॉप या कामाला सगळ्यात चांगला. युजरचं नाव देवनागरीत असलेलं खातं उघडून बघा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवून बघा. नेट बंद करून बघा. मराठी आणि उर्दू मजकूर छापून बघा.

आत काय काय आहे, कोणत्या आवृत्तीचं आहे, याची यादी पॅकेजसोबत एका साध्या फाइलमध्ये ठेवा. उद्या एखाद्या लायब्ररीत त्रुटी सापडल्याची बातमी आली, तर ती आपल्या गिऱ्हाईकाच्या संगणकात आहे की नाही, हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. आणि नवं पॅकेज बांधायची पद्धत लिहून ठेवा. नोकरी बदलून तुम्ही दुसरीकडे गेलात, तरी घाटकोपरच्या त्या दुकानाचं बिल पुढच्या महिन्यातही निघायला हवं.